कंबरेत स्क्रू टाकायला सांगितलेत? तपासणीपासून हाड जुळेपर्यंतची वाट

इंदूरच्या कुठल्याही हाडांच्या ओपीडीबाहेर तासभर बसलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘एल फोर-एल फाइव में गैप आ गया है, स्क्रू डालने पड़ेंगे.’ मग घरी येऊन तेच मराठीत सांगितलं जातं, ‘मणक्यात गॅप आलाय.’ खरं तर बहुतेकांचं झालेलं असतं नेमकं उलटं. दोन मणक्यांमधली गादी झिजून तिथलं अंतर कमी झालेलं असतं. ‘गॅप’ हा आजार नाही, निदानही नाही. म्हणून पहिलं काम हे, की रिपोर्टवरचा खरा शब्द कागदावर लिहून घ्या.

कंबरेत पाच मणके असतात, वरून खाली एल १ ते एल ५. त्याखाली माकडहाडाच्या वरचं रुंद हाड, त्याचा वरचा भाग एस १. प्रत्येक दोन मणक्यांत पुढे गादी आणि मागे डाव्या-उजव्या बाजूला एकेक लहान सांधा. शरीराचा सगळ्यात जास्त भार खालच्या दोन जोडांवर येतो, त्यामुळे एल ४-५ आणि एल ५-एस १ हीच नावं सतत ऐकू येतात. फ्यूजन म्हणजे असा एखादा जोड कायमचा बंद करून दोन मणक्यांचं एकच हाड करणं.

इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. स्क्रू आणि रॉड मणके जोडत नाहीत, हाड जोडतं. घराचा स्लॅब टाकताना खाली सेंट्रिंग लावतात ना, स्क्रू-रॉड म्हणजे तेवढंच. स्लॅब पक्का होईपर्यंत आधार. मणक्याचा ‘स्लॅब’ पक्का व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं. ऑपरेशन तीन तासांत संपतं, पुढचं सगळं रुग्णाच्या हातात असतं.

पहिली पायरी : याची गरज आहे का?

काही कारणं भक्कम आहेत. वरचा मणका खालच्यावरून पुढे सरकलेला असणं, म्हणजे स्पॉन्डिलोलिस्थेसिस. खालच्या मणक्याच्या पुढून मागच्या लांबीचे चार भाग करायचे. पाव भागापर्यंत सरकला तर ग्रेड १, अर्ध्यापर्यंत ग्रेड २, असं मोजतात. ग्रेड १ च्या पुष्कळ लोकांचं औषध आणि व्यायामावर भागतं. तो हलतोय का आणि नस दाबतोय का, हे ग्रेडपेक्षा महत्त्वाचं. दुसरं कारण, नस मोकळी करताना इतकं हाड काढावं लागणार असेल की तो जोडच डळमळीत होईल. शिवाय फ्रॅक्चर, गाठ, मणक्याचा टीबी, वाकडा झालेला कणा, आणि एकाच ठिकाणची गादी पुन्हा पुन्हा बाहेर येणं.

कमकुवत कारण एकच, पण तेच सर्वांत जास्त चालतं : पायात कळ नाही, बधिरपणा नाही, नुसती कंबर दुखते आणि एमआरआयमध्ये गादी काळी दिसते. पन्नाशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही गादी झिजलेली दिसतेच. ब्रिटनमध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३४९ रुग्णांवर केलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात फ्यूजन आणि नेटाने केलेले व्यायाम-प्रशिक्षण यांच्या दोन वर्षांनंतरच्या निकालांत फार मोठा फरक दिसला नाही. नसांची वाट अरुंद झालेल्या रुग्णांबाबतही स्वीडनच्या २०१६ च्या आणि नॉर्वेच्या २०२१ च्या चाचण्यांमध्ये अनेकांना नुसती नस मोकळी करून पुरलं, जोडून वेगळा फायदा दिसला नाही. याचा अर्थ फ्यूजन वाईट असा नाही. ‘नुसती नस मोकळी करून माझं भागेल का? नाही तर का नाही?’ हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, एवढाच. उत्तरात डॉक्टरांनी एक्स-रेवर बोट ठेवून काय हलतंय ते दाखवलं पाहिजे.

पायाचं दुखणं आणि कंबरेचं दुखणं वेगळं मोजा. दहापैकी किती, कुठपर्यंत उतरतं, किती पावलं चाललं की थांबावं लागतं. राजवाड्यापासून चालायला लागलं आणि जवळच्याच खजुरी बाजारात पोचेपर्यंत पाय जड होतात, बसलं की सुटतात, तर हे नस दबल्याचं लक्षण आहे. या ऑपरेशनने पायाचं दुखणं जेवढं जातं तेवढं कंबरेचं जात नाही. हे आधी कळलं नाही तर ऑपरेशन चांगलं होऊनही माणूस नाराज राहतो.

थांबायचं नाही अशी वेळ एकच : लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचाचा ताबा जाणं, बसायच्या जागेवर आणि मांड्यांच्या आत बधिर वाटणं, किंवा पाऊल अचानक लुळं पडणं. असं झालं की त्याच दिवशी, रात्र असली तरी, जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची. दुसऱ्या मतासाठी त्या वेळी थांबू नये. एरवी मात्र दुसरं मत जरूर घ्यावं.

दुसरी पायरी : तपासण्या

एमआरआय झोपवून काढतात. झोपल्यावर सरकलेला मणका पुष्कळदा जागेवर येतो आणि रिपोर्ट ‘ठीक’ दिसतो. म्हणून उभ्याने एक्स-रे हवा, आणि शिवाय पुढे वाकून एक, मागे वाकून एक. हे दोन एक्स-रे न काढता कुणी फ्यूजन सुचवत असेल तर ते आधी काढायला सांगा. खर्च किरकोळ आहे. हाडाचा नकाशा लागला तर सीटी.

काही लोकांचा शेवटचा मणका जन्मतःच खालच्या हाडाला जोडलेला असतो, किंवा खालचा एक सुटा असतो. मग मोजणी एकाने चुकते. एमआरआयवाला ज्याला एल ५ म्हणतो त्याला एक्स-रेवाला एल ४ म्हणतो, आणि चुकीच्या जोडावर ऑपरेशन होण्याचा धोका तयार होतो. रिपोर्टमध्ये ‘सॅक्रलायझेशन’ किंवा ‘लंबरायझेशन’ असा शब्द असेल तर तो सर्जनना मुद्दाम दाखवा.

पाळी गेलेल्या बायका, साठीपुढचे पुरुष, आणि दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी बराच काळ स्टेरॉइड घेतलेले लोक यांनी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता तपासून घ्यावी. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाड भुसभुशीत. भुसभुशीत भिंतीत खिळा ठोकला की हलतो, स्क्रूचंही तसंच. अशा वेळी हाड मजबूत करायची औषधं आधी सुरू करून ऑपरेशन काही आठवडे पुढे ढकलणं शहाणपणाचं. व्हिटॅमिन डी तपासा. उन्हाचं शहर असूनही घरात राहणाऱ्यांचं ते कमीच निघतं.

आणि खुबा. ज्येष्ठांच्या मांडीतली कळ कधी कधी मणक्याची नसून खुब्याच्या सांध्याची असते. मोजे घालताना पाय वर घेतला की जांघेत दुखतं का, हे सांगायला विसरू नका.

तिसरी पायरी : पैसे आणि कुठे करायचं

आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्न न पाहता ते लागू आहे. मात्र हॉस्पिटल यादीत आहे का आणि हेच पॅकेज तिथे चालतं का, हे भरती होण्याआधी आयुष्मानच्या काउंटरवर विचारा. मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत मणक्याच्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो, बहुधा दोन वर्षं. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

इस्टिमेट एकगठ्ठा घेऊ नका, सुटं करून मागा. हिशेब सोपा आहे : एका जोडाला ४ स्क्रू, २ रॉड, स्क्रूच्या तोंडातले ४ लॉकनट आणि गादीच्या जागी १ केज, म्हणजे हाड भरायची पोकळ डबी. दोन जोडांना ६ स्क्रू, २ रॉड, ६ लॉकनट आणि बहुधा २ केज. बिलात आकडा वेगळा दिसला तर कारण विचारा. कारण असूही शकतं. प्रत्येक सामानाचं एक स्टिकर असतं, त्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर. ती केस पेपरवर चिकटवतात. डिस्चार्जच्या दिवशी त्या पानाचा फोटो काढाच. दहा वर्षांनी एखादा स्क्रू काढायची वेळ आली तर नेमका कोणता पाना लागेल हे त्यावरूनच कळतं.

इंदूरच्या रामबाग-लोकमान्य नगरातल्या मराठी घरांमध्ये दर वेळी चर्चा होते : मुंबई-पुण्याला नातेवाईक आहेत, तिकडेच करू. गुंतागुंतीचा कणा असेल तर जरूर. साध्या एका जोडाच्या कामासाठी मात्र विचार करा. जखमेची गडबड पहिल्या तीन आठवड्यांत होते, आणि तेव्हा सर्जन मुंबईच्या अवंतिका एक्सप्रेसने एका रात्रीच्या अंतरावर असून उपयोग नाही. गेलातच तर टाके निघेपर्यंत तिथेच राहा, आणि परतीला खालचा बर्थ घ्या.

चौथी पायरी : आधीचे सहा आठवडे

तंबाखू. गुटखा, सिगरेट, खैनी, मिश्री, सगळं. निकोटीनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि नवं हाड धरत नाही. जोड कच्चा राहण्याचं हे मोठं कारण आहे. ऑपरेशनच्या आधी चार ते सहा आठवडे बंद, आणि हाड जुळेपर्यंत बंदच. ‘सिगरेट सोडली, आता फक्त मिश्री लावतो’ याला काही अर्थ नाही.

मधुमेह असेल तर तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा, एचबीएवनसी, साधारण साडेसात-आठच्या खाली आणा; वर असला की जखम चिघळते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी पाच ते सात दिवस आधी बंद करतात. पण हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञाचा, स्वतःचा नाही. किडलेला दात, लघवीतला जंतुसंसर्ग, पायाला चिघळलेली चीर, हे आधी निस्तरा.

घरात काय बदलायचं हे मात्र कुणी नीट सांगत नाही, आणि घोळ तिथेच होतो. भारतीय बैठकीचा संडास किमान तीन महिने बंद, म्हणून कमोड किंवा कमोडची खुर्ची लागेल. खुर्ची हातांची, बैठक जमिनीपासून अठरा-वीस इंच. खाली बसून चिरणं-लाटणं बंद. रोजचे डबे ओट्याच्या उंचीवर आणा. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा भरण्याचं काम दुसऱ्याकडे द्या. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलोंहून जड असते आणि तुम्हाला पहिले सहा आठवडे दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही. गॅसची भरलेली टाकी तर तीस किलोंच्या आसपास. देवघर जमिनीवर असेल तर देव काही महिने टेबलावर येऊ द्यात. मागे पट्टा असलेल्या चपला घ्या. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते, तेव्हा बायकांनी पहिले दोन-तीन आठवडे गाऊनच घालावा.

आणि कुशीवरून उठायचा सराव ऑपरेशनच्या आधीच करा. गुडघे वाकवा. मग खांदा, कंबर, गुडघे एकाच वेळी वळवून कुशीवर या, ओंडका लोळतो तसं. पाय पलंगाखाली सोडता सोडताच खालच्या कोपराने आणि वरच्या हाताच्या पंजाने रेटून धड उचला. धड वळायचं नाही, मान वर काढून सरळ उठायचं नाही. झोपताना हेच उलट क्रमाने. दुखण्याआधी शिकलेलं अंगात राहतं.

पाचवी पायरी : ऑपरेशनचा दिवस

जेवण किमान सहा तास आधी बंद, तेलकट असेल तर आठ. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं. इंदूरची खास अडचण म्हणजे सकाळचे पोहे. अकराला नंबर आहे म्हणून सातला ‘दोनच घास’ खाल्ले की ऑपरेशन रद्द होऊ शकतं, आणि लपवून ठेवलं तर भूल देताना अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. पाठीचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक ओरखड्यांत जंतू वाढतात.

पालथं झोपवतात, पोट लोंबतं राहील अशा बेताने. पोट दाबलं गेलं तर मणक्याभोवतीच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो. चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक देतात. मग सी-आर्म एक्स-रेवर बघत मणक्याच्या मागच्या देठातून स्क्रू जातो, साधारण साडेसहा मिलिमीटर जाड आणि ४०-४५ मिलिमीटर लांब. नसेवरचं हाड काढून ती मोकळी करतात आणि गादी कोरून काढतात. यातलं निर्णायक काम बाहेरून दिसत नाही : गादी काढल्यावर दोन्ही मणक्यांवरची कुर्चा खरवडून खालचं रक्ताळ हाड उघडं करणं. ते नीट झालं नाही तर कितीही महागडा केज घातला तरी हाड त्यातून वाढत नाही. काढलेलंच हाड बारीक करून केजमध्ये आणि भोवती भरतात; कमी पडलं तर कमरेच्या बाजूच्या हाडातून घेतात. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि आल्बी या दोघांनी वेगवेगळी अशी ऑपरेशनं प्रसिद्ध केली तेव्हा स्क्रू नव्हतेच, नुसतं हाड होतं, आणि टीबीचे रुग्ण कित्येक महिने पडून राहत.

‘छोट्या छेदातून’ केलेल्या पद्धतीत स्नायू कमी दुखावतात, डिस्चार्ज लवकर मिळतो. हाड जुळायला लागणारे महिने मात्र तेवढेच.

सहावी पायरी : हॉस्पिटलचे दिवस

शुद्धीवर आल्यावर डॉक्टर पायाची बोटं वर ओढायला सांगतील. आधी जमत होतं आणि आता जमत नाही, तर लगेच ओरडून सांगा, सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. लघवीची नळी एक-दोन दिवसांत, जखमेतली ड्रेनची नळी २४ ते ४८ तासांत निघते. पडल्या पडल्या घोटे तासाला दहा-वीसदा वर-खाली करा. पायाच्या शिरेत गुठळी होऊ नये म्हणून. बसलं की डोकं ठणकतं आणि झोपलं की थांबतं, असं असेल तर नसांवरच्या आवरणाला छिद्र पडून पाणी झिरपत असू शकतं, सांगा. ट्रॅमाडॉलसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांनी पोट घट्ट होतं, पहिल्या दिवसापासून इसबगोल आणि भरपूर पाणी. कुंथलं की कंबरेवरच ताण येतो. साधारण तीन ते पाच दिवसांत घरी.

सातवी पायरी : घरचे तीन महिने

वाकणं, उचलणं आणि कंबरेतून वळणं, या तीन गोष्टी बंद. खाली पडलेलं चिमट्याने उचला. नातू धावत आला तर बसून जवळ घ्या, उचलून नाही. कंबरेचा पट्टा सर्जन सांगतील तेवढे आठवडे, झोपताना बहुधा काढायचा.

औषध म्हणाल तर चालणं. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. सहा आठवड्यांपर्यंत सलग अर्धा तास, दोन वेळा. बसणं एका वेळी वीस-तीस मिनिटं, कारण खुर्चीत बसल्यावर गादीवरचा दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो. फिजिओथेरपिस्टकडचे पोट-पाठीचे व्यायाम बहुधा सहा ते बारा आठवड्यांनी. यूट्यूबवरचं भुजंगासन त्याआधी करू नका.

जखम कोरडी. हळद, तेल, मलम काही नाही. बारा-चौदा दिवसांनी टाके निघतात. मालीश करणारा बोलवायचाच नाही, कितीही ओळखीचा असला तरी. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेत राहू नका. हाड जुळण्यात त्यांची अडचण होऊ शकते, डॉक्टरांना विचारा.

टेबलावरचं काम चार ते सहा आठवड्यांनी, कार साधारण सहा आठवड्यांनी, तेही अचानक ब्रेक दाबता येतो याची खात्री झाल्यावर. दुचाकी तीन महिने नाही, मागच्या सीटवरही नाही. गतिरोधकावरून एक धक्का बसला की तो थेट स्क्रूच्या मुळाशी जातो. दुकानात गोण्या उचलणाऱ्यांनी सहा महिने धरून चालावं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, त्या वर्षी गच्चीवरून बघा.

कुठे बिघडतं

पहिल्या तीन आठवड्यांत ताप, जखमेतून पाणी किंवा पू, भोवती लाली : जंतुसंसर्ग, त्याच दिवशी दाखवा. लवकर धुऊन घेतलं तर स्क्रू वाचतात. एक पोटरी सुजून दुखणं म्हणजे गुठळीची शंका. दम लागला तर आणीबाणी. पायात नव्याने कळ आली तर स्क्रू नसेला लागतोय किंवा केज मागे सरकला, हे एक्स-रे-सीटीवर बघतात. सहा महिन्यांनी हालचालीबरोबर पुन्हा कंबर दुखू लागली आणि एक्स-रेमध्ये स्क्रूभोवती काळी कड दिसली, तर जोड कच्चा राहिला असण्याची शक्यता. सेंट्रिंग कितीही मजबूत असली तरी तिच्यावर घर कायमचं उभं राहत नाही. हाड न जुळल्यास धातू कधीतरी सैल होतो किंवा तुटतो. काही वर्षांनी वरच्या जोडावर भार वाढून तोही झिजू शकतो. वजन आटोक्यात आणि पोटाचे स्नायू मजबूत ठेवणं त्यासाठी.

घाबरायचं नाही असंही काही असतं. पायाची कळ सर्वांत आधी जाते, ताकद हळूहळू येते, बधिरपणा सर्वांत शेवटी, कधी वर्षाने, कधी थोडा उरतोच. एक्स-रे साधारण सहा आठवडे, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी. त्रास नसेल तर स्क्रू काढत नाहीत, आणि टायटॅनियम असल्यामुळे पुढे एमआरआय करता येतो. करताना सांगायचं मात्र.

सर्जनने परवानगी दिल्यावर पहिल्यांदा जमिनीवर बसाल तेव्हा शेजारी न हलणारा स्टूल ठेवा. त्यावर हात, मग एक गुडघा, मग दुसरा, मग कुल्ल्यावर. उठताना आधी दोन्ही गुडघ्यांवर, मग एक पाऊल पुढे, आणि जोर मांडीचा. लग्नाच्या पंगतीत हे जमेल असं वाटत नसेल तर खुर्ची मागून घ्या.